इंजिन बंद करून ऐकणं

पाणी गळलं तर जमीन ओली होते, डिझेल गळलं तर वास येतो, ऑइल गळलं तर गाडी उभी होती तिथे काळा डाग राहतो. हवा गळली तर मागे काहीच राहत नाही. बारीक सूं असा आवाज तेवढा होतो, आणि इंजिन चालू असेल तर तोही ऐकू येत नाही. एअर ब्रेकच्या जुन्या ट्रकमध्ये याहून अवघड गोष्ट अशी, की इंजिन चालू आहे तोवर कंप्रेसर फिरत असतो आणि जेवढी हवा गळते तेवढी तो भरून काढत राहतो. डॅशबोर्डवरचा काटा जागचा हलत नाही. चार ठिकाणी गळणारा ट्रक दिवसभर ठणठणीत वाटतो आणि सकाळी टाक्या रिकाम्या सापडतात.

माझ्या चुलतभावाने असा एक ट्रक घेतला. लष्कराच्या लिलावातून सुटून, मध्ये दोन मालक बघून जालन्याला आलेला स्टॅलियन. आमच्या वडिलांच्या पिढीला लष्करी ट्रक म्हटलं की शक्तिमानच आठवतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून तो जबलपूरला बनू लागला. पुढे त्याची जागा टाटाच्या आणि अशोक लेलँडच्या ट्रकांनी घेतली. स्टॅलियन हा त्यातला लेलँडचा, आणि तोही जबलपूरच्याच वाहन कारखान्यात जुळवला गेलेला. लष्करी नंबरप्लेटवर आधी वर टोक केलेला बाण असतो आणि त्याच्यापुढे गाडी घेतल्याच्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ती प्लेट गेली, हिरवा रंगही गेला, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121व्या नियमानुसार तो ऑलिव्ह हिरवा संरक्षण खात्याशिवाय कुणालाच लावता येत नाही. भावाने निळा लावला. दाराच्या कडेला खरचटलं की खालचा हिरवा अजून दिसतो.

जालन्यात जुन्या लोखंडाची वाट ठरलेली आहे. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या कुठल्या कुठे घरांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. हा ट्रक त्या वाटेवरून मागे फिरला, कारण चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी पावसाच्या चिखलातही काळ्या रानातून निघते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाण्याची टाकी बसवता येते. भोकरदन, जाफराबादकडच्या गावांना टँकर काय असतो हे वेगळं सांगायला नको.

पण ब्रेकची हवा टिकत नव्हती. लष्करी गाडी पुष्कळदा पळून जेवढी झिजते त्याहून जास्त उभी राहून झिजते. यार्डात वर्षानुवर्षं उन्हात उभ्या गाडीचं लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. चेंबरमधले डायफ्राम कडक होतात, व्हॉल्व्हमधल्या ओ-रिंगा चपट्या पडतात, नळ्यांना तडे जातात. कंप्रेसर बाहेरची हवा दाबून टाकीत भरतो; ती थंड झाली की तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. रोज सोडलं नाही तर आतून गंज धरतो, गंजाचे कण हवेबरोबर पुढे जातात आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकून बसतात. त्यात हा ट्रक इथे येऊन काही महिने बियाण्याच्या गोदामाशेजारी उभा होता. उंदरांनी नायलॉनच्या दोन नळ्या कुरतडल्या होत्या.

भावाने त्यासाठी ज्यांना बोलावलं त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात. आपल्याकडे फौजेतून घरी आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. हे ईएमईमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. 15 ऑक्टोबर 1943 ला उभं राहिलेलं हे दल लष्कराची वाहनं, तोफा, यंत्रं दुरुस्त करतं. मेजरनी आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. गाडी सपाट जागेवर घेतली, चाकांना मागून-पुढून दगड लावले, इंजिन चालू करून दोन्ही टाक्या भरू दिल्या. आठ किलोच्या आसपास प्रेशर गेलं, जास्तीची हवा फुस्स करून बाहेर पडली, आणि त्यांनी इंजिन बंद करायला लावलं.

“कंप्रेसर चालू असला ना भाऊ, तर गळती झाकून जाती,” ते म्हणाले. “आता सगळ्यांनी गप बसा. मंग गाडीच सांगती काय होऊ राहिलं ते.”

पुढचं काम मी मन लावून पाहत राहिले. पायाचा ब्रेक न दाबता काटे किती उतरतात ते त्यांनी आधी घड्याळ लावून पाहिलं. काटे दोन, कारण अशा गाडीत ब्रेकचे दोन मार्ग वेगळे ठेवलेले असतात, प्रत्येकाची टाकी वेगळी. जो काटा पडतो त्या बाजूला शोधायचं. अर्धी गाडी तिथेच बाजूला पडते. मग हँडब्रेक सोडून पाहिलं. मग भावाला पेडल दाबून धरायला सांगितलं. पेडल न दाबताच हवा जात असेल तर दोष टाक्यांपासून फूट व्हॉल्व्हपर्यंतच्या वाटेत. दाबल्यावरच जात असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे चाकांकडच्या नळ्यांत नाहीतर डायफ्राममध्ये. हँडब्रेक सोडल्यावरच जात असेल तर मागच्या स्प्रिंगच्या चेंबरकडे जायचं. तीन प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराने शोधायची जागा लहान होत जाते. कुठलंही स्कॅनर नव्हतं. इतकं स्वच्छ तर्कशास्त्र मी कॉलेजच्या वर्गातही क्वचित पाहिलं आहे.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश. एकेका जोडावर फेस लावायचा आणि थांबायचं. मोठी गळती फेस उडवून देते. बारीक गळतीत बराच वेळ काही होत नाही, मग मोहरीएवढे बुडबुडे एकाला एक चिकटून वाढू लागतात. मेजर घाई करत नव्हते. गळणारा नट दिसला की तो आणखी आवळायचा मोह प्रत्येकाला होतो. त्यांनी भावाचा हात धरला. आतली रिंग चेपलेली असेल तर आवळून नळी चिरते, म्हणून जोड उघडून रिंगच बदलायची.

मागच्या एका स्प्रिंग चेंबरचा पट्टा मात्र त्यांनी उघडला नाही. आतली स्प्रिंग एवढ्या जोराने दाबून बसवलेली असते की क्लॅम्प सैल केला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. पूर्ण चेंबर बदला, म्हणाले, आणि पैशाची घासाघीस ऐकून घेतली नाही.

ती स्प्रिंगच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चालताना टाकीतली हवा तिला दाबून मागे धरते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि मागची चाकं आवळते. गळती झाली तर गाडी निसटत नाही, थांबते. या विचाराचं मूळ आगगाडीत आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये घेतलेल्या पेटंटमधला ब्रेक हवा आली की लागायचा, त्यामुळे नळी तुटली की ब्रेकच नाही. 1872 मध्ये त्याने तो उलटा केला: नळीत हवा आहे तोवर ब्रेक सुटलेला, हवा गेली की लागलेला. आजही मनमाड-काचीगुडा मार्गावर कुणी साखळी ओढली तर नळीतली हवाच सुटते. आपलं यंत्र कधीतरी बिघडणार हे वेस्टिंगहाउस आधीच धरून चालला, आणि बिघडल्यावर त्याने कुणाला मारू नये अशी सोय करून ठेवली. याहून मोठं सौजन्य यंत्रात मी पाहिलेलं नाही.

म्हणूनच एक प्रकार मला सहन होत नाही. हवा टिकत नाही, चाकं सारखी अडकतात, म्हणून काही जण त्या स्प्रिंगा लांब बोल्ट घालून कायमच्या मागे खेचून ठेवतात. तो बोल्ट बंद पडलेली गाडी ओढून नेण्यापुरता असतो. तो तसाच राहिला की गळती तशीच राहते आणि गळतीपासून वाचवणारी गोष्ट तेवढी जाते. टँकर गावात शिरतो तेव्हा काय होतं ते डोळ्यांपुढे आणावं. विहिरीकडे उतार असतो, गाडी रिव्हर्स येत असते, पाठीवर पाच हजार लिटर म्हणजे पाच टन पाणी असतं, आणि बाया-पोरं हंडे घेऊन मागच्या बंपरला खेटून चालत असतात. तिथे त्या स्प्रिंगेशिवाय दुसरं कोण आहे त्यांच्या बाजूने?

मेजरांचं गाव असईपासून लांब नाही. 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीने केळणा नदी ओलांडली तेव्हा शिंद्यांच्या तोफांनी त्याच्या तोफा ओढणारे बैल टिपले, आणि तोफा मागे राहून पायदळाला तसंच पुढे जावं लागलं. त्याआधी त्याची फौज दख्खनमध्ये जी भराभर हलली ती म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांमुळे. बैलांची वैरण आणि खूर कुणीतरी रोज बघत होतं, त्या माणसांची नावं कुठल्या इतिहासात येत नाहीत. मेजरांसारख्या क्राफ्ट्समन लोकांचंही तसंच आहे. सीमेवर गाडी पोचली हे आपण वाचतो, ती पोचावी म्हणून आदल्या रात्री कोण तिच्याखाली झोपून होता हे नाही.

संध्याकाळी नवा चेंबर बसला. टाक्या भरल्या, इंजिन बंद केलं, काटे पाहिले. अगदी शून्य गळती कुठल्याच जुन्या गाडीत नसते. रात्रभरात किती उतरलं तर चालेल आणि कितीपासून गाडी काढायची नाही, हे त्यांनी भावाला सांगितलं. पण जास्त वेळ ते बसले ड्रायव्हर पोराबरोबर. फिटनेसची तपासणी वर्षातून एकदा होते, रबर रोज जुनं होतं, म्हणून त्यांनी त्याला रोजचं काम ठरवून दिलं: रात्री गाडी लावताना टाक्यांचे कॉक उघडून पाणी सोडायचं, आणि विहिरीत टँकर रिकामा होताना इंजिन चालू ठेवायचं नाही. पाणी पडत असतं तेवढा वेळ केबिनमध्ये बसून काट्याकडे बघायचं, आणि खाली उतरून एकदा चारही चाकांपाशी कान द्यायचा.