दोष कोणाचा?

घरांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशी बिघडली हें विचारण्यापूर्वीं ती कोणीं बिघडविली हें विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दूध उतूं गेलें, घड्याळ बंद पडलें, छत्रीची काडी मोडली, कीं प्रथम आरोपी शोधावयाचा, आणि मग सवड मिळाल्यास कारण. अशा वेळीं आरोपी बहुधा घरांतील वयानें लहान माणूसच ठरतो. न्यायाधीश कोण असतो हें सांगावयास नको. गेल्या वैशाखांत आम्हीं असाच एक निवाडा दिला आणि तो सपशेल चुकला. ज्या बिघाडावरून हें झालें, तो हल्ली पुष्कळ घरांतून होत असल्यामुळें ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटलें.

आमचें घर सावलीस, मूलहून गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यापासून थोडें आंत आहे. पानावर बसणारीं माणसें अकरा. माजघरालगतच्या खोलींत घरचा संगणक असतो. त्यावर बंधूंच्या धानाच्या गिरणीचे हिशेब, सूनबाईंच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, आमचा पत्रव्यवहार, आणि सुटींत पुतण्याचा अभ्यास, अशीं चार कामें चालतात. हा पुतण्या नागपुरास वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षांत होता. वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें जीं प्राचीन देवालयें आहेत, त्यांतील एकाचीं शेंकडों छायाचित्रें घेऊन त्यांवरून संपूर्ण देवळाची प्रतिकृति संगणकांत उभी करावयाची, असें काम त्यानें परीक्षेसाठीं पत्करलें होतें. साध्या संगणकास तें झेपण्यासारखें नव्हतें, म्हणून आमच्या मातोश्रींनीं आपल्या शिलकेंतून त्याला ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलें.

हें कार्ड म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आमच्या संगणकाच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके आहेत. चित्र हलतें दिसावें म्हणून ते सेकंदांत ६० वेळां नव्यानें रंगवावे लागतात. एका सेकंदास साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके झाले! संगणकाचा मुख्य मेंदु हुशार खरा, परंतु तो थोडींच कामें एका वेळीं करणारा. कार्डावर मात्र शेंकडों, हजारों लहान गणिती बसविलेले असतात आणि ते एकाच तऱ्हेचें गणित एकदम सोडवितात. इतके हात एकदम चालूं लागले म्हणजे त्यांस वीज पुष्कळ लागते, आणि विजेबरोबर उष्णता आलीच. संगणकाच्या खांचेंतून कार्डास ७५ वॅट मिळूं शकतात. ते पुरत नाहींत म्हणून आठ सुयांच्या निराळ्या तारेनें आणखी १५० वॅटपर्यंत द्यावे लागतात. थोडक्यांत, पेटींत एक लहानशी शेगडीच असते म्हणाना.

वैशाख लागला आणि संगणकास झटके येऊं लागले. काम ऐन भरांत असतां पडदा काळा होई. कधीं तो क्षणांत परत येई, तर कधीं यंत्र सबंध बंद होऊन आपोआप पुन्हां सुरू होई आणि तासांचें काम नाहीसें होई. देऊळ देण्याची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. एके दिवशीं दुपारीं गिरणीचा हिशेब अर्धवट असतांच पडदा काळा झाला, आणि आमचा तोल गेला. रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत त्या खोलींतील दिवा जळतांना आम्हीं पाहिला होता. संध्याकाळीं सर्व मंडळी पानावर असतांना आम्ही पुतण्यास म्हणालों, “रात्रभर खेळ खेळून यंत्र जाळलेंस, आजीचे पैसे पाण्यांत घातलेस.” तो कांहींच बोलला नाहीं. पानावरून अर्धपोटीं उठला, आणि दुसऱ्या दिवशीं संगणकाकडे फिरकलासुद्धां नाहीं. दोन दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. धाकट्या वहिनींनीं आम्हांस चहा दिला, तोहि न बोलतां.

तिसऱ्या दिवशीं मातोश्रींनीं आम्हांस हाक मारली. सावलीस खादीची जुनी परंपरा आहे. सन १९३६ मध्यें गांधी सेवा संघाचें संमेलन येथें भरलें होतें, आणि त्यासाठीं स्वतः महात्माजी आले होते. मातोश्री सून म्हणून या गांवांत आल्या त्या बऱ्याच नंतर. परंतु त्या काळींहि येथील बायका सूत कातीत, आणि त्यांनींहि तें पुष्कळ कातलें. त्या म्हणाल्या, “अरे, आम्ही चरख्यावर बसत असूं तेव्हां सूत तुटलें तर बाईला कोणी बोलत नसे. पेळू पाहत, चाती पाहत, माळ पाहत. आणि एका वेळीं एकच पाहत. तूं एकदम कातणाऱ्या हातावरच आलास. काय होतें, केव्हां होतें, तें आधीं लिहून तरी काढा दोघे.”

आम्हीं जुन्या रोजमेळांतील कोरीं पानें काढलीं आणि पुतण्यास बोलावलें. तो आला, पण “हो” आणि “नाहीं” यांपलीकडे बोलेना. पानावर रकाने आंखले: तारीख, वेळ, काय काम चालूं होतें, कार्डाची उष्णता किती, आणि झटका कोणत्या तऱ्हेचा. मग त्यानें दाखविलें कीं, यंत्र स्वतःहि अशी वही ठेवीत असतें. विंडोजमध्यें घटनांची नोंद राहते, आणि ती मागील तारखांपासून वाचतां येते. ती चाळतांच पहिला धडा मिळाला. ज्यास आम्ही एक रोग समजत होतों, ते दोन होते.

पडदा काळा होऊन परत येई, त्या वेळीं नोंदींत ४१०१ हा आंकडा असे. कार्डानें साधारण दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं तर तें अडकलें असें समजून विंडोज त्यास आणि त्याच्या ड्रायव्हरास नव्यानें उभें करूं पाहतें, त्याची ही खूण. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांमधील दुभाषी. उलट यंत्र सबंध बंद पडे तेव्हां ४१ हा आंकडा दिसे. आणि त्याचा अर्थ एवढाच कीं, यंत्र रीतसर निरोप न घेतां गेलें. कां गेलें तें हा आंकडा सांगत नाहीं.

प्रथम पहिल्या रोगास हात घातला. ४१०१ ची सर्वांत जुनी नोंद पाहिली, तर ती ड्रायव्हरची नवी आवृत्ति चढविल्याच्या दुसऱ्याच दिवसाची निघाली. पुतण्यानें संगणक सुरक्षित अवस्थेंत सुरू करून ड्रायव्हर समूळ काढला आणि पूर्वीं सुरळीत चालणारी आवृत्ति घातली. त्या दिवसापासून ४१०१ पुन्हां दिसला नाहीं. यंत्र बंद पडणें मात्र चालूंच राहिलें.

मग उष्णतेकडे वळलों. आमच्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां संशय साहजिक होता. वायर काढून, हातांतील विद्युत्‌भार जावा म्हणून पेटीच्या धातूस स्पर्श करून, मग झांकण उघडलें. आंत धुळीचा अक्षरशः नमदा सांपडला. पंख्याचीं पातीं बोटानें धरून, म्हणजे तीं भलतीं फिरणार नाहींत, मऊ ब्रशानें धूळ काढली. पेटीवर घरांतून हौसेनें घातलेली विणलेली झालरहि उतरविली, कारण वरचीं भोंकें तिनेंच बुजलीं होतीं. कामाच्या भरांत ८५ अंशांवर जाणारें कार्ड ७४ वर आलें. तरीहि दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां यंत्र गेलेंच. रात्रभर स्मृतीची तपासणी लावली; तींतहि दोष निघाला नाहीं.

आतां उरली ती वही. आठव्या दिवशीं आम्हीं ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, आणि आमचें आम्हांलाच ओशाळल्यासारखें झालें. बंद पडण्याच्या सर्व नोंदी दुपारीं एक ते पांच, किंवा संध्याकाळीं सात ते नऊ या वेळांतल्या होत्या. ज्या मध्यरात्रींवरून आम्हीं मुलाला बोल लावला, त्या वेळेची एकहि नोंद नव्हती. रात्रीं कार्ड पूर्ण भारानें चाले, तें बहुतेक देवळासाठीं. दोन रात्रीं आपण खेळत होतों, हेंहि त्यानें आपण होऊन लिहून ठेवलें होतें. पण यंत्र तेव्हां एकदांहि पडलें नव्हतें. मग दुपारीं आणि संध्याकाळीं घरांत असें काय चालतें, जें मध्यरात्रीं चालत नाहीं?

उत्तर आमच्या पाठीशीं घुमत होतें: कूलर. चैत्रांत, वारा नेमका आमच्या खुर्चीवर यावा म्हणून, आम्हींच तो त्या खोलींत हलविला होता, आणि तार पुरेना म्हणून संगणकाच्याच एक्स्टेन्शन बोर्डांत त्याची पिन खोंवली होती. रात्रीं दहास आम्ही अंगणांत निजावयास जात असूं, तेव्हां तो बंद होई. मुख्य बटण बंद करून बोर्ड उचलला, तर एका भोंकाभोंवतीं प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेलें! पिन सैल बसत होती. वायरमननें येऊन समजावलें, तें असें: मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींहून कितीतरी अधिक प्रवाह ओढते, सांधा सैल असला तर त्याच क्षणीं दाब कोसळतो. संगणकाचा वीजपुरवठा विजेच्या एका लहरीइतका काळ, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास, तग धरतो; त्यापुढें नाहीं. कार्ड ऐन भरांत असलें तर तेवढाहि नाहीं. आमच्या जिल्ह्यांत चंद्रपूरचें २,९२० मेगावॅटचें वीजकेंद्र आहे, आणि दाब कमी झाला कीं त्यावर तोंडसुख घेण्यास आम्ही सदैव तयार असतों. यंदा तीहि सोय राहिली नाहीं; दोष आमच्या हातच्या चार फूट तारेंत होता. आणखी महिनाभर तो तसाच राहता तर केवळ देऊळच नव्हे, कदाचित् घरहि गमवावें लागलें असतें.

संगणकास भिंतींतील स्वतंत्र, अर्थिंग असलेली जागा दिली आणि कूलर मूळ खिडकीशीं गेला. त्यानंतर तीन दिवस, तीन रात्रीं कार्ड अखंड राबलें, आणि पडदा एकदांहि काळा झाला नाहीं.

परंतु हिशेब पुरा व्हावयाचा होता. आरोप चारचौघांत केला होता, तेव्हां तो मागें घेणेंहि चारचौघांतच योग्य होतें. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं वही सर्वांसमोर वाचली आणि म्हणालों, “यंत्र याच्या खेळानें बंद पडत नव्हतें, माझ्या कूलरनें पडत होतें. मी न पाहतां बोललों.” बावन्न वर्षांच्या संसारांत असें वाक्य आम्हीं किती वेळां उच्चारलें असेल, तें घरांतील मंडळीस विचारावें. पुतण्या खालीं पाहत म्हणाला, “मोठे काका, नवा ड्रायव्हर तर मीच घातला होता. अर्धा दोष माझाहि आहे.” मातोश्री म्हणाल्या, “मग अर्धा-अर्धा. आणि ती झालर मीच विणली होती, तें कोणी लिहिलेंत कीं नाहीं?”

सन १९४७ मध्यें अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रचंड गणकयंत्रांत बिघाड झाला, तेव्हां शोधतां शोधतां एका रिलेंत अडकलेला पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो कामाच्या वहींत चिकटवून ठेवला, आणि ती वही आजहि जपून ठेवलेली आहे. पतंग कोणीं आंत सोडला, हें तिच्यांत लिहिलेलें नाहीं.

आमची वही संगणकाशेजारीं खिळ्यास टांगलेली आहे. देऊळ वेळेवर पोंचलें. परवां मिक्सर अडला, तेव्हां “कोणीं?” हा शब्द आमच्या ओठांवर आलाच होता, पण सूनबाईंनीं वही पुढें केली, आणि आम्हीं मुकाट्यानें तारीख घातली.