डावी बाजू कोणाची?

आमच्या वडिलांनी सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची अडत पेढी सुरू केली, त्याला यंदा पन्नास वर्षे पूर्ण झाली. पेढीचा कारभार थोरले बंधू आणि त्यांचे चिरंजीव पाहतात. मी एम. कॉम. होऊन बँकेत गेलो आणि तेथूनच अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे घरात माझी ओळख ‘हिशेब तपासणारे काका’ एवढीच राहिली. सुवर्णमहोत्सवानिमित्त नोकरमंडळींना आणि हमालांना पेढीचे नाव छापलेले टी-शर्ट द्यावेत असे पुतण्याने ठरविले, आणि ते काम माझ्याकडे आले. साठ शर्ट छापून आणायचे, त्यात डोके चालविण्यासारखे काय असणार, असे मला वाटले होते.

छपाईच्या कारखान्यात पहिलाच प्रश्न आला, “नाव कुठे घ्यायचे?” मी म्हणालो, “छातीवर.” “छातीवर म्हणजे नेमके कुठे?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कारखानदार तरुण होते, पण त्यांनी मला शांतपणे सारे समजावले. डाव्या छातीवरचे लहान चिन्ह साधारण साडेतीन ते चार इंच रुंद असते आणि खांद्याच्या शिवणीपासून सात ते नऊ इंच खाली येते. छातीच्या मधोमध मोठी अक्षरे हवी असतील तर ती गळपट्टीच्या तीनेक इंच खाली सुरू करावीत. आणखी खाली नेली तर ती पोटावर उतरतात आणि आमच्यासारख्या व्यापारी माणसांच्या पोटावर ती ताणलीही जातात! पाठीवरची अक्षरे गळपट्टीपासून चार-पाच इंच सोडून घेतात. माप नेहमी गळ्याकडून धरायचे, खालच्या काठाकडून नव्हे, कारण शर्टाची लांबी मापागणिक बदलते. शिवाय सर्व मापांना बहुधा एकच स्क्रीन वापरतात. म्हणून मोठ्या शर्टावर शोभणारी अक्षरे लहान शर्टावर बगलेपर्यंत पोहोचतात. आणि पुढे-मागे दोन्हीकडे छापायचे तर स्क्रीन दोन, छपाई दोनदा आणि खर्चही त्या प्रमाणात.

खर्चाचा विषय निघताच माझ्यातला बँकवाला जागा झाला. हमाल दिवसभर बाजारात फिरतो, वाकतो, त्याची पाठ सर्वांच्या नजरेसमोर असते. तेव्हा नाव पाठीवरच घ्यावे, चांगले दहा इंच रुंद. जाहिरातीची जाहिरात आणि छपाई एकाच बाजूची. पुतण्याला हिशेब पटला. दादा मात्र एवढेच म्हणाले, “आधी दोन नमुने करून आणा. एक पाठीचा, एक छातीचा. कोणाला तरी घालून बघा.”

नमुने आले. छातीच्या नमुन्यावर नाव उजव्या बाजूला छापलेले! मी काहीशा तावातच कारखान्यात गेलो. त्यांनी माझाच कागद माझ्यासमोर ठेवला. मी शर्टाचे चित्र काढून त्यावर ‘डावी बाजू’ असे लिहिले होते आणि फुली कागदाच्या डाव्या अंगाला मारली होती. पाहणाऱ्याची डावी बाजू म्हणजे घालणाऱ्याची उजवी. चूक माझीच होती, आणि ती मला अधिक लागली, कारण हा धडा मी चाळीस वर्षांपूर्वीच शिकलो होतो. वडिलांच्या रोजमेळात जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे असे. कॉलेजात इंग्रजी पद्धत शिकलो, तेथे डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे. बाजू सांगण्यापूर्वी वही कोणत्या पद्धतीची हे विचारावे लागते. शर्टाच्या बाबतीत मी ते विचारले नव्हते.

पाठीचा नमुना आम्ही पेढीवर तीस वर्षे पोती उचलणाऱ्या हमालमामांना घालायला दिला. त्यांनी शर्ट चढविला आणि हळदीचे पोते पाठीवर घेतले. नाव पोत्याखाली गेले. पोते उतरवून ते घाम पुसत भिंतीला टेकून बसले. नाव भिंतीकडे गेले. मी काही बोलण्यापूर्वी तेच म्हणाले, “साहेब, ओझं असलं की नाव पोत्याखाली, ओझं नसलं की भिंतीला. वाचणार कोण? आन् शाईचा थर जाड हाय, घाम आला की पाठीला चिकटतोय. तागाच्या पोत्यानं चार दिसांत खरवडून बी निघंल.”

एवढे बोलून ते थांबले. दादांनी विचारले, “अजून काही आहे का मामा?” तेव्हा खाली पाहत म्हणाले, “दुपारनं आमची टोळी दुसऱ्या अडतीत असती. तिथल्या शेठजींपुढं तुमचं एवढं मोठं नाव पाठीवर घेऊन वाकायचं म्हंजी... त्यांना काय वाटंल?”

मी गप्प झालो. रुंदी, स्क्रीन, खर्च, पाहणारे डोळे, सारे मी मांडले होते. शर्ट ज्याच्या अंगावर जाणार त्याचे खाते मात्र मी उघडलेच नव्हते. त्याच्या पाठीला मी जाहिरातीची फळी समजून बसलो होतो, आणि हे त्याने मला एकही कठोर शब्द न वापरता दाखवून दिले. दादांनी विचारले, “मग मामा, तुम्हाला कसा हवा?” उत्तर ताबडतोब आले, “खिसा पायजे. हमालीची चिठ्ठी ठेवायला जागा नसती.”

शेवटी गडद निळ्या रंगाचे, डाव्या खिशाचे शर्ट घेतले, म्हणजे हळदीचे डाग त्यातल्या त्यात कमी दिसतात. खिशाच्या शिवणीवर शाई सारखी बसत नाही, म्हणून खिशाच्या वर दोन बोटे जागा सोडून, साडेतीन इंचांत पेढीचे नाव घेतले. पाठ कोरी ठेवली. कागदावर या वेळी मी ठळक अक्षरांत लिहिले, ‘घालणाऱ्याची डावी बाजू’.

आपल्या अनेक घरांत दुकानाच्या वर्धापनदिनासाठी किंवा सहलीसाठी असे शर्ट छापले जातात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. संगणकावरच्या सपाट चित्रावरून जागा ठरवू नका. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापाचा एकेक नमुना करून घ्या. तो घालणाऱ्याला नेहमीचे काम करू द्या, वाकू द्या, बसू द्या. आणि तो काही बोलून थांबला, तर दादांसारखे ‘अजून काही आहे का?’ असे जरूर विचारा.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारात गेलो होतो. शेजारच्या अडतीत हमालमामा तोच शर्ट घालून पोती उतरवीत होते. खिशातून चिठ्ठी डोकावत होती, आणि तेथील शेठजी त्यांच्याशी हसून बोलत होते.