बोलोन्याची ओसरी

उत्तर इटलीतील बोलोन्या हे नगर आपल्या वाचकांस रोम, फ्लॉरेन्स किंवा व्हेनिस यांच्याइतके परिचित नसेल. प्रवाशांची झुंबड त्या तीन नगरांकडे वळते; विद्यार्थी मात्र शतकानुशतके बोलोन्याकडे वळत आले आहेत. येथील विद्यापीठ पाश्चात्त्य जगात सर्वांत जुने मानले जाते. त्याच्या स्थापनेचे वर्ष १०८८ असे सांगतात. पण ते कोणा राजाच्या सनदेवरून आलेले नसून एकोणिसाव्या शतकात कवी कार्दुच्ची प्रभृती विद्वानांनी ठरविलेले आहे. हे विद्यापीठ कोणी स्थापिले नाही, ते हळूहळू जमत गेले, असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल.

सन २०२४ च्या सप्टेंबरात आमची पुतणी तेथे कायद्याच्या अभ्यासासाठी गेली, आणि तिला पोचविण्याच्या निमित्ताने आम्हांसही ते नगर पाहण्याचा योग आला. घरातील वडील मंडळींस एकच चिंता होती : त्या परमुलखात आपले म्हणावे असे कोण आहे? एखादे ओळखीचे मराठी बिऱ्हाड मिळावे म्हणून पुष्कळ चौकशी केली, मिळाले नाही. पहिल्या दिवशी नगर पाहताना ही चिंता आमच्याही मनात घोळत होती.

तिची खोली सान दोनातो या जुन्या वेशीच्या बाहेर. सकाळी निघालो तो पाऊस भुरभुरत होता. वेशीच्या आत थोडे पुढे जातो न जातो तोच पुतणी म्हणाली, "काका, छत्री मिटा. इथे तिचे काही काम नाही." खरोखरच नव्हते. रस्त्याच्या कडेने घरांचे वरचे मजले पुढे काढून खांबांवर व कमानींवर तोलून धरलेले, आणि त्यांच्याखालून पादचाऱ्यांची वाट. यास तेथे पोर्तिको म्हणतात. आम्हांस आपल्या वाड्यांच्या ओसरीची आठवण झाली. फरक एवढाच, की ही ओसरी एका घराची नसून साऱ्या नगराची आहे. सर्व पोर्तिकोंची एकंदर लांबी ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

नगरात माणसे व विद्यार्थी वाढले, खोल्या पुरेनात, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे ओढले, हे त्यांचे मूळ. इतर नगरांनी अशी बांधकामे अतिक्रमण म्हणून पाडली. बोलोन्याने १२८८ साली उलटाच नियम केला : नवे घर बांधावयाचे तर पोर्तिकोसह बांधावे. बहुतेक ठिकाणी जागा घरमालकाची, डागडुजी घरमालकाची, पण चालण्याचा हक्क सर्वांचा. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर इझोलानी घराण्याच्या घराचा तेराव्या शतकातील पोर्तिको आम्ही पाहिला. त्याचे ओक लाकडाचे उंच खांब अजून भार वाहत उभे आहेत.

वाटेत दोन प्रसिद्ध मनोरे लागतात. आसिनेल्ली ९७ मीटर उंच. शेजारचा गारिसेंदा त्याच्या निम्मा, पण इतका कललेला, की दान्तेच्या महाकाव्यातही त्याचा उल्लेख आला आहे. पदवी मिळण्यापूर्वी आसिनेल्लीवर चढणाऱ्यास पदवी मिळत नाही, अशी विद्यार्थ्यांत समजूत आहे. गारिसेंदाच्या हालचाली वाढल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात भोवतालचा भाग बंद करण्यात आला, आणि आम्ही गेलो तेव्हाही आसिनेल्लीचा जिना बंदच होता. पुतणीची पदवी तेवढ्यापुरती तरी सुरक्षित राहिली!

तेथून आर्किजिन्नाझियो या वास्तूत गेलो. १५६३ पासून १८०३ पर्यंत विद्यापीठ येथे भरत असे. हल्ली येथे नगराचे ग्रंथालय आहे. भिंती आणि छत येथे शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सुमारे सहा हजार कुलचिन्हांनी भरून गेले आहेत. शरीरविच्छेदनाचे लाकडी सभागृह १६३७ चे. २९ जानेवारी १९४४ रोजी बाँबहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले, आणि पुढे ढिगाऱ्यातील तुकडे वेचून पुन्हा उभारण्यात आले.

आम्ही जन्मभर शिक्षकी केली, म्हणून येथील जुनी व्यवस्था आम्हांस मोठी मौजेची वाटली. मध्ययुगात येथे विद्यार्थ्यांचेच संघ होते, आणि संघप्रमुखही विद्यार्थीच असे. शिक्षक उशिरा आला, अथवा नेमलेला भाग मुदतीत संपविला नाही, तर विद्यार्थी त्यास दंड करीत! खोल्यांची भाडी नगराचे व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी मिळून ठरवीत. त्याही आधी, बाराव्या शतकाच्या मध्यास, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्येसाठी परदेशी झालेल्यांस संरक्षण देणारा कायदा केला. तोवर एका जर्मनाने कर्ज बुडविले, तर दुसऱ्याच जर्मन विद्यार्थ्याची चीजवस्तू जप्त होऊ शके. ती रीत त्याने बंद केली. नगराने हे सर्व निव्वळ भूतदयेने सोसले असे मात्र नव्हे. विद्यार्थी रुसले तर निघून जात, आणि त्यांच्याबरोबर नगराची प्राप्तीही जाई. १२२२ साली असेच निघून गेलेल्यांनी पादुआचे विद्यापीठ उभे केले.

दुपारी भोजनाचा प्रश्न आला. गृहिणींच्या माहितीसाठी सांगतो : येथील ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, आणि पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी दक्षिण इटलीकडील सुका पास्ता घेऊन घरी शिजवावा, हे उत्तम.

सायंकाळी सान फ्रान्चेस्को मंदिरामागे उंच चौथऱ्यांवरील थडगी पाहिली. ही सेनापतींची नव्हेत, कायद्याच्या टीकाकारांची! त्यांतील आक्कुर्सियो याने जस्टिनियनच्या विधिग्रंथांवरील सुमारे ९६ हजार टिपा एकत्र केल्या. या परंपरेचा आद्य आचार्य इर्नेरियस ज्या काळी बोलोन्यात शिकवीत होता, साधारण त्याच काळी आपल्याकडे कल्याणी येथे, चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने, विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहीत होता. आपल्या एकत्र कुटुंबातील वाटे शतकानुशतके त्याच टीकेवरून ठरले. आम्ही हे सांगताच पुतणी हसून म्हणाली, "काका, त्या वाट्यात मुलगी जन्मापासून आली ती २००५ च्या दुरुस्तीने."

तिच्या त्या वाक्यासरशी आम्हांस आमच्या वडिलांचे स्मरण झाले. पुण्यात त्यांनी वार लावून शिक्षण केले. सात दिवस सात घरी जेवावे आणि रात्री एका वाड्याच्या ओसरीवर पथारी टाकावी. त्या घरांचे उपकार ते आमरण विसरले नाहीत. पण पानावर बसताना मान वर होत नसे, हेही त्यांनीच आम्हांस सांगितले होते. ती ओसरी मायेची होती, पण मिळे ती मेहरबानी म्हणून. बोलोन्याची ओसरी नियमाची आहे. तिच्याखालून जाणारास कोणाचे तोंड पाहावे लागत नाही.

मुलामुलींस परदेशी धाडणाऱ्या कुटुंबांनी ओळखीचे पत्ते जरूर द्यावेत. पण कागदपत्रांची काळजी त्याहून अधिक घ्यावी. इटलीत उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांच्या आत टपालकचेरीतून निवासपरवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि खोलीचा करार लेखी असावा. माया माणसागणिक कमीअधिक होते. कागदावरील हक्क निदान दाखविता तरी येतो.

आमचा मुक्काम दुसरीकडे होता. रात्री पुतणी एकटीच खोलीकडे निघाली. पाऊस आता चांगलाच लागला होता. कमानींमागून कमानी ओलांडीत ती दिसेनाशी झाली, आणि तिची छत्री आमच्याच हातात राहिली.