अंदमानची स्मारके : ज्येष्ठांसह, सावकाश

निळे पाणी आणि प्रवाळ पाहण्यासाठी कुटुंबे अंदमानला जातात. सोबत आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या मनातले अंदमान निराळे असते. ते काळ्या पाण्याचे असते. तेथील स्मारके डोळे भरून पाहावीत, ही त्यांची इच्छा तुम्ही अवश्य पूर्ण करा. मात्र स्मारक पाहताना पायांना जितके श्रम होतात, तितकेच मनालाही होतात, हे ध्यानात असू द्या. म्हणून एका दिवशी एकच स्मारक, हा नियम उत्तम.

सेल्युलर जेल

१८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजा मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्या होत्या. एका भुजेच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येई. कैद्याला कैद्याचे तोंड दिसू नये, अशी ती योजना होती. आज तीन भुजा उरल्या आहेत. १९७९ साली ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

स्वातंत्र्यवीर सावरकरांना येथे १९११ साली आणले गेले. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि मराठी माणसाची पावले आपसूक तिकडे वळतात. परंतु गुडघेदुखी, दम लागणे किंवा तोल जाणे असा त्रास असणाऱ्यांनी जिने चढण्याचा हट्ट धरू नये. तेलाचा कोलू, फाशीघर व अंगण खालीच आहे. त्यांना सावलीत बसवा, एकाने सोबत थांबा आणि नातवंडांना वर पाठवा. मुलांनी खाली येऊन कोठडीचे वर्णन करावे व आजोबांनी ते ऐकावे. पाहण्याचा तोही एक मार्ग आहे.

पाडलेल्या भुजांच्या जागेवर १९६३ मध्ये गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे राहिले, हेही मुलांना आवर्जून सांगा.

युद्धाच्या खुणा

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य या बेटांवर उतरले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी येथे तिरंगा फडकवला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १४ जानेवारी १९४४ रोजी, येथील लोकप्रिय डॉक्टर व कवी दिवाण सिंग यांचा जपान्यांच्या छळामुळे याच तुरुंगात अंत झाला. ३० जानेवारीला हम्फ्रीगंज येथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. तेथे आज त्यांचे स्मारक आहे.

‘मग जपानी आपले मित्र होते की शत्रू?’ असे नातवंडे विचारतील. घाईने एका शब्दात उत्तर देऊ नका. ज्या भूमीवर स्वातंत्र्याचा ध्वज फडकला, तेथेच महिन्याभरात निरपराधांचे रक्त सांडले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आयुष्याचे चढउतार पाहिलेली वडीलधारी माणसेच हे मुलांना नीट समजावू शकतात.

अशा ठिकाणी एखाद्या आजींचे डोळे भरून येतील, एखादे आजोबा गप्प होतील. विषय बदलू नका, जवळ बसून राहा. जुने दुःख बोलू लागले, तर ऐकून घ्या. अस्वस्थता रात्रीपर्यंत टिकली, तर दुसऱ्या दिवशीचे स्मारक खुशाल वगळा.

पूर्वीचे रॉस बेट आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणून ओळखले जाते. ब्रिटिश वास्तूंच्या भिंतींवर चढलेली झाडांची मुळे आणि जपानी बंकर तेथे दिसतात. बेटावर बोटीने जावे लागते. चढता-उतरताना ज्येष्ठांचा हात धरा. बोट लागण्यावरील काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते किंवा भ्रम होतो. म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

निघण्यापूर्वी

येथे घड्याळ आपलेच असले, तरी सूर्य मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तितकाच लवकर मावळतो. औषधे व इन्सुलिन यांच्या वेळा घड्याळाप्रमाणेच पाळा. अंधार पडला म्हणून रात्रीची मात्रा आधी देऊ नका. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती संध्याकाळी गोंधळत असेल, तर उजेड असतानाच निवासस्थानी परता. जेलमधील ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंधार पडल्यावर असतो, तोही अशा व्यक्तीसाठी टाळलेला बरा.

हवा वर्षभर दमट असते. भेट सकाळी ठेवा आणि टोपी, पाणी व घट्ट बसणारी पादत्राणे बरोबर घ्या. लघवी वाढवणारी औषधे चालू असतील किंवा पाण्यावर मर्यादा असेल, तर किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना आधी विचारा. औषधे व चिठ्ठ्या हातातल्या पिशवीत ठेवा. जानेवारी ते एप्रिल हा काळ पावसाच्या दृष्टीने सोयीचा असतो.

किती स्थळे झाली, याचा हिशेब ठेवू नका. अंगणातील बाकावर आजोबा अर्धा तास शांत बसले आणि नात त्यांच्याशेजारी बसून ऐकत राहिली, तर त्या दिवसाचे स्मारक पाहून झाले, असे समजा.