सहा चौकोन

लॉगिनचं पान म्हणजे आमच्या धंद्यात नवख्याच्या गळ्यात मारायचं काम. दोन रकाने, एक बटण, वर लोगो. दुपारच्या डब्याआधी उरकतं. आतलं ॲप कितीही सोयीचं असो, न दिसणारा माणूस अडतो तो इथंच.

बदलापूरहून ठाण्याला जाऊन-येऊन मी हीच पानं बनवतो. अंबरनाथचे एक दृष्टिहीन काका ती तपासून देतात. दिव्यांग डब्याची जागा फलाटावरच्या बीपवरून हेरून ते एकटे कल्याण गाठतात; पेन्शन जमा झाली का हे बघायला मात्र शेजारच्या पोराला पासवर्ड सांगायचे. सुरक्षेच्या नावाखाली आम्ही कुलूप इतकं अवघड करतो की मालकाला किल्लीच दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. उल्हासनगरच्या जीन्स बाजारातला साठीचा दुकानदार चष्मा विसरला की ओटीपी नोकराकडून वाचून घेतो, त्याचंही तेच. ‘असे युजर असतात किती?’ असं विचारणाऱ्या मॅनेजरला मी हा दुकानदार ऐकवतो.

काका एनव्हीडीए हा फुकटातला स्क्रीन रीडर अशा वेगानं ऐकतात की मला शब्द लागत नाहीत. रकान्याला लेबल जोडलेलं नसलं की तो नुसतं ‘एडिट, ब्लँक’ म्हणतो. ओटीपीचे सहा सुटे चौकोन आले तेव्हा तर कहरच झाला. एक आकडा टाकला की कर्सर आपणहून पुढं पळतो, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. तिसरा पडला की चौथा? कळायला मार्ग नाही. मोबाईलवर आकडे परत ऐकून येईतो मुदत संपलेली.

‘अरे, सहा कशाला? एकच दे की लांबलचक,’ काका वैतागले.

एकच दिला. लेबल जोडलं, पेस्टवरची बंदी उठवली, मुदत वाढवून घ्यायची सोय केली. चुकलं तर नुसती लाल चौकट नाही. काय चुकलं ते शब्दांत, आणि स्क्रीन रीडर ते आपणहून वाचेल असं.

कोडी सोडवायला लावून लॉगिन अडवू नका, पर्याय द्या, असं डब्ल्यूसीएजी २.२ हे जागतिक निकष ऑक्टोबर २०२३पासून सांगताहेत. मधल्या पातळीवर त्यांनी चित्रं ओळखायला लावण्याची सूट ठेवली आहे, ती मला मुळीच पटत नाही. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते, त्यातून ते प्रकरण उभं राहिलं होतं. तेव्हापासून आमच्या मीटिंगा जरा लवकर आटपतात.

नवं पान घेऊन गेलो तेव्हा काकांनी युजरनेम टाकलं, टॅब दाबला, पासवर्डचा रकाना नीट ऐकू आला. बोटं की-बोर्डवर ठेवून ते थांबले.

‘आता तू जरा तोंड तिकडं कर.’