खोटा खिसा

"आधी बदलापूर ते अंबरनाथ चालून दाखव," हे म्हणाले आणि त्यांनी पेपर उलटला.

वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी पोह्यांवर खोबरं भुरभुरता भुरभुरता बोलून टाकली होती: मला नर्मदा परिक्रमा करायची आहे, पायी. समोर बसून, नजरेला नजर देऊन सांगण्याची छाती नव्हती.

पुढच्या रविवारी पहाटे पाचला निघाले. रेल्वेने हे अंतर जेमतेम आठ किलोमीटर. बत्तीस वर्षं मी ते लोकलने कापत होते, अंबरनाथच्या एमआयडीसीत हिशेब लिहायला. (एका स्टेशनासाठी बदलापूर लोकलमध्ये चढणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागतं, त्यावर वेगळा लेख होईल.) पण पायाखालून तो रस्ता कधी गेलाच नव्हता. वालधुनीकाठच्या शिवमंदिरात पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरले खरी, पण वर येताना गुडघे थरथरायला लागले. घरी लोकलनेच परतले आणि कुणाला काही बोलले नाही. रात्री ह्यांनी गुपचूप कैलास जीवनची डबी माझ्या उशाशी ठेवली. फोड दिसले असणार.

मग दर रविवारी चालायचंच असं ठरलं. मुलाच्या जुन्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून कधी कोंडेश्वर, कधी बारवी धरणाचा रस्ता. शेजारीण विचारायची, "रेशन आलं का हो?"

परिक्रमेचे नियम पाठ होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर अडीच हजारांच्या वर चाल. समुद्राशी मात्र दक्षिण तीरावरून उत्तर तीरावर होडीने जायचं, भरतीची वेळ साधून. वाटेत शूलपाणीची झाडी, जिथे परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांपर्यंत लुटल्याच्या गोष्टी जुन्या पुस्तकांत आहेत. आता तसं राहिलेलं नाही, असं जाऊन आलेले सांगत.

लोक मला त्या झाडीचीच भीती घालत. माझी भीती वेगळी होती. निवृत्तीला अजून काही वर्षं बाकी होती आणि पाच महिन्यांची रजा देणार कोण? नोकरी सोडावी लागणार होती. आणि घरात एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई.

'घर सोडून जाणं धोक्याचं' हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं की ते खरंच वाटायचं. मग २७ जुलै २०१९ उजाडला. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर माणसं आत. ती बातमी सगळ्यांना आठवते. त्याच उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेपर्यंत होतं. सासूबाईंना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर नेलं. तिथे बसून त्या खालचं तरंगतं सामान बघत होत्या. म्हणाल्या, "घरात बसून हे. तू जाऊन ये बाई तुझ्या नर्मदेला."

जायचं ठरलं, तोवर कोविड आला. २०२२ च्या दिवाळीआधी राजीनामा दिला, त्याची हकीकत दोन ओळींपेक्षा मोठी नाही. साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. महिन्याच्या एक तारखेला खात्यात काही येणार नाही, एवढा एकच विचार.

पिशवी शिवायला माहेरी गेले, उल्हासनगर कॅम्प चारला. लहानपणापासून ओळखीचे तिथले एक म्हातारे शिंपी जन्मभर जीन्स शिवत आले. १९४९ साली लष्कराच्या छावणीचं उल्हासनगर झालं, त्याच बराकींत ते रांगायला शिकले. जाड डेनिम काढलं, मापं घेतली आणि विचारलं, "जंगलमें चोर है?"

म्हटलं, "होते म्हणतात."

"फिर दो जेब. बाहरवाली झूठी. उसमें थोडा पैसा रखना. खाली मिली तो चोर को गुस्सा आएगा, फिर अंदर ढूँढेगा." शिलाई घेतली, खोट्या खिशाची मात्र घेतली नाही.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी त्या खोट्या खिशात शंभराच्या दोन नोटा घातल्या. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "मधे माझं काही झालं तर परत फिरायचं नाही. नदी अर्ध्यात टाकून आलेली सून मला नको." मी हो म्हटलं. खोटं की खरं, मला तेव्हा माहीत नव्हतं.

हे कल्याणला सोडायला आले. तिथून खंडव्याची गाडी, पुढे ओंकारेश्वर. फलाटावर त्यांनी पिशवी उचलून बघितली. "तांदळापेक्षा हलकी आहे," एवढंच बोलले आणि पाण्याची बाटली आणायला गेले ते गाडी हलेपर्यंत आलेच नाहीत. बाटली धावत खिडकीतून दिली.

एप्रिलमध्ये परत आले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून भाजी निवडत होत्या. पाच महिने मुलाच्या हातची जाडी घावनं खाऊन कंटाळल्या होत्या. झाडीत चोर भेटले का, हे विचारायच्या आधी त्यांनी पिशवी ओढली, बाहेरच्या खिशात हात घातला आणि दोन्ही नोटा काढून कनवटीला लावल्या.