षड्जाची घाई

सेवानिवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून आम्हीं पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे ग्रंथ वाचावयास घेतले. त्यांचे दहा थाट मुखोद्गत केले. मारवा थाटाचें लक्षण तर आम्ही झोपेंतही सांगूं: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे शुद्ध, आणि मारवा रागांत पंचम वर्ज्य. जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसास हें एक सूत्रच वाटलें.

परंतु पंडितजींच्या संस्कृत ग्रंथाचें नांव 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' आहे. लक्षण निराळें आणि लक्ष्य, म्हणजे प्रत्यक्ष गायन, निराळें, हें आम्हांस आमच्या नातीनें शिकविलें. कन्येची ही मुलगी शिक्षणासाठीं आमच्याकडे असते. सायंकाळीं तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजीं निषादास लावून ती मारवा घोटीत असतां आम्हीही शेजारीं बसलों. आमचे स्वर बरोबर होते, तरी ती हंसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सारखे षड्जाकडे धांवतां. इथें कोमल ऋषभावर थांबायचें, धैवतावर थांबायचें. षड्जाची घाई नाहीं करायची."

गोष्ट खरी होती. वादी ऋषभ, संवादी धैवत. पण या दोहोंत नेहमीचें षड्ज-पंचमाचें किंवा षड्ज-मध्यमाचें अंतरही नाहीं. पाय टेकावा कोठें? याच स्वरांत गांधार-निषादांस मान दिला कीं पूरिया होतो. तार सप्तकाकडे ओढ ठेविली कीं सोहनी. अक्षरें तींच, शब्द निराळे! 'नी रे ग म ध' असा षड्ज ओलांडून जावयास शिकण्यांत आमचे तीन महिने गेले.

या तीन महिन्यांत एक जुनी गोष्ट वारंवार आठवे. आमच्या कन्येस गाण्याचा फार नाद. शालान्त परीक्षेच्या वर्षीं आम्हींच तिची गाण्याची शिकवणी बंद केली. "परीक्षा होऊं दे, मग पाहूं," म्हणालों. तें 'मग' कधीं आलेंच नाहीं.

यंदा दिवाळीस ती आली. दिवेलागणीस आम्ही ऋषभ लावून बसलों होतों. ती मागें येऊन उभी राहिली आणि हलकेच तिनें धैवत लाविला. तो किंचित् उतरला होता. चूक दाखविणें हा आमचा जन्माचा धंदा. पण आम्हीं दाखविली नाहीं. ऋषभावरच थांबून राहिलों. षड्जास अद्याप अवकाश होता.